रोह्यात रिअ‍ॅक्टर आहेत, ताळेबंद हवा

दिवा-रोहा लोहमार्गावर पेण आणि रोह्याच्या मधे नागोठणे लागते. आयपीसीएलने उभारलेला आणि आज रिलायन्सकडे असलेला तिथला क्रॅकर इथेन-प्रोपेनवर चालतो. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन तिथेच तयार होते. त्यामुळे कचऱ्यातल्या पिशव्यांचे तेल काढायचे आणि ते शेजारच्या क्रॅकरला द्यायचे, ही कल्पना आपल्या भागात कुणालाही चटकन पटते.

प्रत्यक्षात ती अडते. पायरोलिसिसमधून, म्हणजे प्लास्टिक हवेशिवाय 400 ते 500 अंशांना तापवल्यावर, येते ते द्रव, हलक्या-जड हायड्रोकार्बनचे मिश्रण. वायूसाठी बांधलेल्या भट्टीत ते घालता येत नाही. नॅफ्था घेणाऱ्या क्रॅकरलासुद्धा ते आधी हायड्रोजनने शुद्ध करून, क्लोरीन काही पीपीएमपर्यंत खाली आणूनच द्यावे लागते. कचऱ्यात थोडा पीव्हीसी मिसळला तरी हायड्रोजन क्लोराइड यंत्रे खाऊ लागतो. रिलायन्सने जानेवारी 2024 मध्ये पायरोलिसिस तेलापासून केलेल्या पॉलिमरची घोषणा केली ती जामनगरहून, जिथे तेल पचवणारी रिफायनरी दारातच आहे. रायगडात काढलेले तेल बहुधा बॉयलरलाच जाईल. त्याला इंधन म्हणावे. फेब्रुवारी 2022 च्या उत्पादक जबाबदारीच्या नियमांनीही प्लास्टिकपासून तेल ही वाट पुनर्चक्रीकरणापासून वेगळी, अंतिम विल्हेवाटीत धरली आहे. ही विभागणी आम्हाला योग्य वाटते.

इंधन असो वा पुनर्चक्रीकरण, आत काय गेले आणि बाहेर काय आले याचा हिशेब कसा मांडावा, त्याचा नमुना पेणमध्ये सापडतो, तोही प्लास्टिकचा नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून पीओपीच्या मूर्ती राज्यभर जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये पीओपीवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि वाद न्यायालयात गेला. त्याआधीच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची पद्धत दिली होती. तिचा ताळेबंद पाठकोऱ्या कागदावर मांडता येतो. घट्ट झालेली मूर्ती म्हणजे जिप्सम. एक किलोला 0.92 किलो बायकार्बोनेट लागते, मिळते 0.77 किलो अमोनियम सल्फेट, 0.58 किलो कॅल्शियम कार्बोनेट, पाव किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड, बाकी पाणी. यात रंग येत नाही. तो गाळात किंवा द्रावणात उरतो, म्हणून जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय हे पाणी पिकाला देऊ नये. एवढे सगळे लिहिले की बोलायला पाया मिळतो.

आता रोह्याजवळचे धाटाव. इथल्या औद्योगिक वसाहतीची खरी ताकद बॅच रसायनशास्त्रात आहे: रिअ‍ॅक्टर, गाळण, ऊर्ध्वपातन, आणि ते चालवणारे अनुभवी हात. या हातांना पायरोलिसिसपेक्षा पीईटीचे ग्लायकोलिसिस कितीतरी जवळचे आहे. झिंक अ‍ॅसिटेट उत्प्रेरक, 190 अंशांच्या आसपास तापमान, जादा इथिलीन ग्लायकॉल. मग गरम पाण्यात काढून थंड केले की बीएचईटीचे, म्हणजे पीईटीच्या मोनोमरचे, पांढरे स्फटिक खाली बसतात. एक किलो पीईटीला 0.32 किलो ग्लायकॉल जोडले जाते आणि जास्तीत जास्त 1.32 किलो बीएचईटी मिळते. त्यापासून पुन्हा पॉलिएस्टर होते. साफ बाटल्या भंगारवाले आधीच उचलतात आणि त्यांचे धुऊन-वितळवून चालते ते चालू द्यावे. कच्चा माल म्हणून रंगीत ट्रे आणि पॉलिएस्टर कापडाचे तुकडे बघावेत, ज्यांना वितळवून काही साधत नाही.

अडचण सांडपाण्याची आहे. ग्लायकॉल मिसळलेल्या धुण्याच्या पाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) मोठा असतो, आणि कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यांनी वसाहतीचे पाणी पुरेसे सोसले आहे. जादा ग्लायकॉल ऊर्ध्वपातनाने परत घेतले, तरच ही प्रक्रिया इथे बसवावी. परत न घेता केलेली बॅच आम्ही यशस्वी मानणार नाही.

ज्या कारखान्याने अशी चाचणी घेतली असेल त्याने उत्पादनाचा भाव सांगू नये, हरकत नाही. पण आत किती गेले, स्फटिक किती निघाले, ग्लायकॉल किती परत आले, वाफ किती लागली आणि नाल्याकडे काय गेले, हे पाच आकडे पाठवावेत. बॅच फसली असेल तरी पाठवावेत. फसलेलीही आम्ही पूर्ण छापू.