रायगडची प्रो कबड्डी टीम का नाही?

पेण-रोह्यात कबड्डी गावागावांत खेळली जाते. मोठे कारखानेही आहेत. पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद प्रकल्प, रोहा तालुक्यात नागोठण्याला रिलायन्स. याच जेएसडब्ल्यू समूहाच्या हरियाणा स्टीलर्सने 29 डिसेंबर 2024 ला पुण्यात प्रो कबड्डीचं विजेतेपद पटकावलं. मग समूहाची टीम हरियाणाची, रायगडची का नाही?

गणित पैशांचं

लीगच्या 12 संघांपैकी महाराष्ट्राचे दोनच: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. संघांची मोठी कमाई प्रक्षेपण हक्क आणि प्रायोजकांकडून येते. प्रायोजकाला हवा असतो मोठ्या शहराचा किंवा अख्ख्या राज्याचा प्रेक्षक. घरच्या तिकीटविक्रीचा आधारही भरवशाचा नाही. 2025 चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाला.

जिंकलं की भागतं?

तसंही नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या गॉसफर्डचा फुटबॉल क्लब सेंट्रल कोस्ट मरिनर्स 2023 आणि 2024 मध्ये सलग चॅम्पियन झाला. तरी पैशांची ओढाताण संपली नाही.

मग काय शक्य आहे?

ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावरचा खर्च कंपन्यांना कायद्याने सीएसआरमध्ये दाखवता येतो. त्यातून व्यावसायिक संघ चालणार नाही. पण मॅट, प्रशिक्षक आणि जिल्ह्याची छोटी लीग उभी राहू शकते. प्रो कबड्डी मॅटवर होते. मातीत घडलेल्या पोराला लिलावापर्यंत पोहोचायचं तर मॅटचा सराव गावाजवळच मिळायला हवा.