सोंगट्यांचे व्याकरण
उचगावात आम्ही काही मराठीचे प्राध्यापक माहजाँग शिकलो. सोंगट्या १४४: बांबू, वर्तुळे व अक्षरे यांच्या प्रत्येकी ३६, शिवाय वारे, ड्रॅगन, फुले आणि ऋतू. हातच्या तेरांत चौदावी मिळवून सलग वा सारख्या तिघांचे चार गट आणि एक जोडी जुळवायची, एवढेच मूळ व्याकरण. दोन डावांत ते उमगले. आणि खंत वाटली ती सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची. पाने १२०, रंग दहा. राजा-प्रधानाखाली अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्यांत एक्का. ही गोल पाने आजही रंगवली जातात, पण बहुधा शोभेसाठीच घेतली जातात. खेळ वस्तूने टिकत नाही. नियम जाणणाऱ्या भिडूंनी टिकतो. भाषेचेही तसेच. म्हणूनच, आमच्या मते, गंजिफाची जागा भिंतीवर नव्हे, चटईवर आहे.