मातीला मानवेल ती लोकशाही?

मार्च २०२५ मध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर राजेशाही परत आणण्याच्या घोषणा झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तरुणांच्या उठावात सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, संसद भवन जळाले आणि पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना पायउतार व्हावे लागले. या दोन घटनांची जात अगदी वेगळी. परंतु आपल्याकडील काही सुशिक्षित मंडळींनी दोहोंतून एकच निष्कर्ष काढला : पाश्चात्त्यांच्या धर्तीची लोकशाही त्या देशाच्या संस्कृतीला मानवली नाही, आणि खरे पाहता ती आपल्यालाही कुठे मानवली आहे? हा प्रश्न वरवर विनम्र वाटतो. त्यात स्वदेशीचा सूरही आहे. म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याची नीट तपासणी केली पाहिजे.

हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याचे माहेर आशियात नाही. १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून गोपाळ कृष्ण गोखले यांनी साम्राज्यातील इतर वसाहतींच्या धर्तीचे स्वराज्य हे ध्येय मांडले. जे कॅनडाला दिले ते हिंदुस्थानला का नाही, असा सवाल त्यामुळे उभा राहिला. भारतमंत्री लॉर्ड मोर्ले हे इंग्लंडमधील नामांकित उदारमतवादी. १९०७ साली स्कॉटलंडमधील एका भाषणात त्यांनी या सवालाची वासलात लावली. कॅनडातल्या हिवाळ्यात फरचा कोट घालणे योग्य असते, म्हणून तो दख्खनमध्येही घालायचा काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, आपल्या सुधारणा हिंदुस्थानला संसदीय पद्धतीकडे नेणार असतील तर आपला त्यांच्याशी काहीही संबंध राहणार नाही, असे त्यांनी उमरावांच्या सभागृहात बजावले. आमच्या हवामानाची एवढी काळजी वाहणाऱ्या साहेबांना इथल्या उन्हात लष्करी कायदे, हद्दपारी आणि मिठावरचा कर मात्र खुशाल चालत होता!

साम्राज्य गेले, पण हा कोट तेवढा खुंटीवर राहिला. तो अंगावर चढवला स्वदेशी सत्ताधीशांनी. पाकिस्तानात अयुबखान यांनी १९५९ मध्ये लोकांच्या प्रकृतीला साजेशी म्हणून ‘मूलभूत लोकशाही’ आणली. १९६० साली सुमारे ८०,००० स्थानिक प्रतिनिधींकडून त्यांनी स्वतःच्या अध्यक्षपदाला मान्यता मिळवली. इंडोनेशियात सुकार्नो यांनी विचारविनिमय आणि एकमत या खेड्यातील परंपरेचा हवाला देऊन ‘मार्गदर्शित लोकशाही’ सुरू केली आणि १९६० मध्ये निवडून आलेली संसद बरखास्त केली. नेपाळची कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे, कारण तिचा नायक आपल्याच चळवळीत वाढला.

बिश्वेश्वरप्रसाद कोइराला यांनी १९४२ च्या लढ्यात ब्रिटिशांचा तुरुंग भोगला होता. जयप्रकाश आणि लोहिया यांचे ते सहकारी. १९५१ मध्ये राणाशाही संपली. १९५९ मध्ये नेपाळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि १०९ पैकी ७४ जागा नेपाळी काँग्रेसने जिंकल्या. समाजवादाचे ध्येय मानणारा माणूस हिमालयाच्या कुशीतील त्या देशाचा पहिला लोकनियुक्त पंतप्रधान झाला. त्याच्या सरकारने पहिल्याच वर्षी हात घातला तो बिर्ता पद्धतीला, म्हणजे राजदरबाराने सरदार, पुरोहित आणि नातलगांना बहाल केलेल्या, बहुतांशी करमुक्त जमिनींना. १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी संसद बरखास्त केली, पंतप्रधानांना अटक केली आणि पाठोपाठ पक्षांवर बंदी घातली. कोइराला सुमारे आठ वर्षे विनाचौकशी बंदिवासात राहिले. १९६२ मध्ये जी पक्षविरहित पंचायत व्यवस्था आली, तिचे समर्थन एकाच वाक्प्रचाराने होत असे : ही व्यवस्था नेपाळच्या मातीला साजेशी आहे.

आता विचारावयाचे ते एवढेच, की माती कोणाची? ज्या मातीचा दाखला महाराज देत होते, तिचा मोठा वाटा दरबारी घराण्यांच्या नावावर होता. लोकनियुक्त सरकार त्या मातीचा हिशेब मागू लागताच संस्कृतीची आठवण झाली. आणि ही संस्कृती तरी कोणती? पंचायतकाळाचे ब्रीद होते एक राजा, एक भाषा, एक वेश. मधेशी, थारू, नेवार, तमांग, राई यांच्या भाषा आणि त्यांचे पेहराव त्या मातीत उगवले नव्हते काय? ‘आमची संस्कृती’ हा शब्द सत्ताधीशाच्या तोंडी येतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘आमच्या घराण्याची रीत’ एवढाच असतो. लोकांना खरोखर काय मानवते, हे विचारण्याची वेळ १९८० च्या सार्वमतात आली. पक्षांवर बंदी असताना आणि सारी सरकारी यंत्रणा एका बाजूला असतानाही सुमारे ४५ टक्के मतदारांनी बहुपक्षीय पद्धतीच्या बाजूने कौल दिला. कोइराला यांनी तो पराभव मान्य केला. राजाने १९६० मध्ये आपला पराभवही होऊ दिला नव्हता. कोइराला १९८२ मध्ये गेले. १९९० च्या जनआंदोलनाने पक्षांवरची बंदी उठवली, २००६ च्या आंदोलनाने राजाची सत्ता मोडली आणि २००८ मध्ये राजेशाहीच संपुष्टात आली.

मातीचा दाखला डॉ. आंबेडकरांनीही दिला होता, पण उलट्या दिशेने. घटना समितीत १९४८ मध्ये त्यांनी बजावले, की भारताची भूमी मूलतः लोकशाहीविरोधी आहे आणि लोकशाही हा तिच्यावर पसरलेला वरचा थर आहे. याचा निष्कर्ष त्यांनी ‘म्हणून लोकशाही नको’ असा काढला नाही. मतपेटीत एक माणूस एक मूल्य आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता, ही विसंगती लवकरात लवकर दूर करा, असे त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये सांगितले. त्याच वेळी बौद्ध भिक्षुसंघांच्या कार्यपद्धतीत सभेचे नियम होते, ठराव होते, मतदान होते, याचेही स्मरण त्यांनी दिले. एकाच संस्कृतीत संघ असतो आणि जातपंचायतही असते. यांपैकी कोणते बी पेरायचे, हे माती ठरवीत नाही. ते माणसांना ठरवावे लागते.

मात्र आक्षेपात काहीच तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याच परंपरेत तो आक्षेप आहे. जयप्रकाशांनी १९५९ मध्ये भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेविषयी लिहिताना पाश्चात्त्य धर्तीच्या पक्षीय संसदीय पद्धतीवर कठोर टीका केली आणि ग्रामसमाजापासून वर जाणाऱ्या लोकशाहीचे चित्र रेखाटले. ‘पक्षविरहित’ हा शब्द त्यांचाही होता आणि महेंद्रांचाही, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे. फरक कोठे आहे? जयप्रकाशांना सत्ता राजधानीतून गावाकडे न्यावयाची होती. महेंद्रांना ती राजवाड्यात ठेवावयाची होती. आणि १९७५ मध्ये जेव्हा शिस्तीच्या नावाखाली आणीबाणी आली, तेव्हा त्याच संसदीय पद्धतीवर टीका करणारे जयप्रकाश वृत्तपत्रांच्या आणि निवडणुकीच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले. घराची डागडुजी मागणारा माणूस घराला आग लागली असता ती विझवायला धावतोच. १९७७ च्या मार्चमध्ये निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या मतदारांनी या फरकाची जाण दाखविली.

दुसऱ्या बाजूची भोंदूगिरीही नोंदविली पाहिजे. इराणमध्ये १९५३ साली मोसादेक यांचे लोकनियुक्त सरकार उलथविण्यात ज्यांचा हात होता, त्याच सत्ता पुढे २००३ मध्ये इराकला लोकशाही शिकवायला रणगाडे घेऊन गेल्या. अफगाणिस्तानात वीस वर्षे परकीय फौजेच्या आधारावर उभी असलेली व्यवस्था ऑगस्ट २०२१ मध्ये काही दिवसांत कोसळली. लोकशाही बाहेरून लादता येत नाही, हे खरे. पण त्यावरून हुकूमशाही आतून लादण्याचा अधिकार कोणालाही प्राप्त होत नाही.

म्हणून भेद करावयाचा तो स्वरूपात आणि गाभ्यात. अध्यक्ष असावा की पंतप्रधान, मतदारसंघ असावेत की प्रमाणशीर प्रतिनिधित्व, हे प्रत्येक देशाने आपल्या गरजेनुसार ठरवावे. नेपाळने तेच केले. २००८ मध्ये निवडून आलेल्या ६०१ सदस्यांच्या संविधान सभेतून सुरू झालेली प्रक्रिया २०१५ च्या संविधानापर्यंत पोहोचली. त्यात प्रतिनिधी सभेच्या २७५ जागांपैकी ११० प्रमाणशीर पद्धतीने भरण्याची आणि संघीय संसदेत किमान एकतृतीयांश स्त्रिया असण्याची तरतूद झाली. ही काही इंग्लंडची नक्कल नव्हे. मधेशातील असंतोष त्या संविधानाने मिटवला नाही, हेही खरे. पण तो असंतोष उघडपणे मांडता येतो. सत्ताधाऱ्याला जाब विचारता यावा, त्याला रक्ताचा सडा न पडता खाली खेचता यावे आणि विरोधकाला तुरुंगाबाहेर राहता यावे, हा गाभा मात्र कोणत्याही हवामानात बदलत नाही.

सप्टेंबर २०२५ मधील तरुणांची तक्रार लोकशाही फार झाली अशी नव्हती. भ्रष्टाचाराचा हिशेब द्या आणि समाजमाध्यमांवरील बंदी उठवा, असे ते म्हणत होते. उठावानंतर हंगामी कारभार माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याकडे गेला आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. आळीपाळीने पंतप्रधानपद वाटून घेणाऱ्या पक्षनेत्यांनी लोकशाहीची अब्रू घालविली, हे निर्विवाद आहे. पक्ष घराण्यांच्या मालकीचे झाले की लोकांना जुने राजे आठवू लागतात. या दोषातून आपणही मुक्त नाही. ज्या पक्षाच्या शाखेची बैठक वर्षानुवर्षे होत नाही, जिथे पदाधिकारी वरून नेमले जातात, तिथला कार्यकर्ता लोकशाही आपल्या मातीत रुजते असे गावात कोणत्या तोंडाने सांगणार? कोइराला यांच्या मित्रांचा वारसा सांगणाऱ्यांनी हे उत्तर प्रथम आपल्या शाखेत द्यावे आणि मग गावात जावे.