‘मीच तो, बोला!’

को-वर्किंगमध्ये कॉफी घेऊन बसलात, वाय-फाय मिळालं, मेल्स झाल्या. सगळं मस्त. प्रिंट द्यायला गेलात आणि... प्रिंटर समोर दिसतोय, पण लॅपटॉप काही त्याच्यापर्यंत पोचत नाही! शिव्या खातो प्रिंटर. बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

त्याचं असं आहे, एकाच नेटवर्कवरच्या मशीनला डेटा पाठवायचा तर नुसता आयपी अ‍ॅड्रेस पुरत नाही. त्याच्या नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेसही लागतो. तो शोधायची पद्धत, म्हणजे एआरपी, १९८२ची आणि अगदी चाळीतली. मोठ्यानं हाक मारायची, ‘‘१९२.१६८.१.२० कोण आहे रे?’’ ज्याचा नंबर, तो ओ देतो. गोची इथेच आहे बॉस! ओ खरंच त्यानंच दिली का, हे एआरपी तपासतच नाही. बाजूच्या टेबलावरचा एखादा उपद्व्यापी ‘मीच!’ म्हणाला, की तुमचा डेटा त्याच्याकडे.

म्हणून शहाणे नेटवर्कवाले सगळ्यांना वेगवेगळं ठेवतात. वाय-फायवर क्लायंट आयसोलेशन, केबलवर प्रायव्हेट व्हीलॅन. बोलायचं फक्त राऊटरशी, शेजाऱ्याशी नाही. साहजिकच तुमची हाक प्रिंटरलाही ऐकू जात नाही.

यावर तोडगा म्हणजे लोकल प्रॉक्सी एआरपी. हाकेला राऊटरच ओ देतो, ‘‘मीच तो, बोला!’’ आणि मॅक अ‍ॅड्रेस चक्क स्वतःचा देतो. शुद्ध थाप, पण कामाची. लॅपटॉप डेटा राऊटरला देतो, राऊटर तो प्रिंटरला. सोसायटीच्या वॉचमननं कुरिअर घेऊन वर पोचवावं, तसं. (प्रिंटरचा आयपी मात्र हातानं टाका. यादीत तो आपोआप दिसणं हे वेगळं प्रकरण.)

पण वॉचमन कुणाचंही पार्सल न बघता वर नेऊ लागला तर? राऊटरवर अ‍ॅक्सेस लिस्ट नसेल तर नेमकं हेच होतं. आयसोलेशन चालू, तरी तो अनोळखी टेबलवाला राऊटरमार्गे तुमच्या लॅपटॉपपर्यंत हजर! आणि प्रॉक्सी बंद केली म्हणून सुटका नाही. राऊटरचा मॅक अ‍ॅड्रेस हातानं टाकून कुणीही तोच रस्ता धरू शकतो. ‘प्रिंटरकडे जा, एकमेकांकडे नाही’ हा नियम राऊटरवरच लिहावा लागतो. अनेक ठिकाणचे अ‍ॅडमिन फक्त आयसोलेशनची टिक मारून घरी जातात, असा माझा दाट संशय आहे.

तेव्हा विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवा, फाइल शेअरिंग बंद करा, आणि मेंबरशिप घेण्याआधी अ‍ॅडमिनला विचाराच, ‘‘राऊटरवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावलीय ना?’’