उधळे कोण?

भिगवणच्या बाजारात एक उपदेश फार स्वस्त झाला आहे: "या लोकांच्या हाती पैसा टिकत नाही." उपदेशक बहुधा उसाचा बागायतदार असतो आणि "हे लोक" म्हणजे आम्ही. काटकसर जणू जातीच्या रक्तातूनच येते!

12 मे 1875 रोजी जवळच्याच सुपे येथे कुणबी रयतेने सावकारांचे कागद जाळले. त्याचे लोण इंदापूर तालुक्यातही पोहोचले. तेव्हा सरकारी चौकशी मंडळाने लिहिले की, कुणब्याच्या कर्जाला लग्नकार्याचा खर्च कारण मानला जातो, पण त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. 1879 साली त्याच्यासाठी कायदाही झाला. योग्यच झाले. मग तोच न्याय आम्हांस का नसावा?

महाराचे बलुते खळ्यावर, धान्याच्या रूपाने मिळे. ज्याच्या हाती नाणेच येत नव्हते, त्याने साठवावे काय? 1958 च्या कायद्याने वतने गेली. जमिनी परत मिळाल्या त्या जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित न होण्याच्या अटीवर. असे तारण धनको कशास विचारात घेईल?

आजचे चित्र पाहा. उजनीच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्यास सातबाऱ्याच्या बळावर सोसायटीचे पीककर्ज मिळते. तीन लाखांपर्यंतचे कर्ज वेळेत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख योजनेनुसार त्यास व्याज पडत नाही. त्याच्याच बांधावर खुरपणाऱ्या भगिनीपाशी सातबारा नाही. ती बचतगटाच्या नावाखाली खाजगी कंपनीचे कर्ज वीस टक्क्यांहून अधिक व्याजाने घेते आणि हप्ता रोजगारातून फेडते. ऊसतोड्या तर मुकादमाची उचल घेऊनच गाव सोडतो. त्याची मजुरी मिळण्यापूर्वीच कर्ज झालेली असते. यांतील उधळा कोण, हे बागायतदारानेच सांगावे.

लग्नांतील बँडबाजा आम्हांसही संमत नाही, आणि 1956 च्या दीक्षेनंतर जत्रा व बोकड सोडणाऱ्यांनी बरेच वाचविलेही. भगवान बुद्धांनी सिगालास मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगास, दोन उद्योगास, चौथा संकटासाठी. परंतु भाग करावयास आधी मिळकत हवी. म्हणूनच मालकाने सेवकास अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, हेही त्याच सुत्तात आहे.

आमची मागणी एवढीच: सोसायट्यांनी मजुरास सभासद करून घ्यावे, रोजगाराच्या आधारावर त्यास कर्ज द्यावे, आणि उचलीचा हिशेब कारखान्याच्या दप्तरी लेखी असावा.