आजीलाही आत बोलवा

प्रसूतिगृहातून बाळ घरी निघतं तेव्हा डॉक्टर सगळ्या सूचना आईला देतात. बाबा शेजारी उभे असतात. आजी मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसलेली असते. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. अशा घरात बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, टाळू भरणं आणि रात्री रडलं की मांडीवर घेणं हे सगळं आजीच करते. जिच्या हाती बाळ सोपवायचं, तिच्याशीच कोणी बोलत नाही, हे मला फार खटकतं.

मग घरोघरी तेच वाद होतात. मध चाटवायचा की नाही, काजळ घालायचं की नाही. ‘डॉक्टर नको म्हणाले’ एवढ्यावर आजीचं समाधान होत नाही आणि ते होऊही नये. चार मुलं वाढवलेल्या बाईला कारण कळलं पाहिजे. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषामुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. काजळात शिसं सापडलेलं आहे. चीक टाकून द्यायचा नाही, कारण बाळाला रोगांशी लढायला लागणारी प्रतिपिंडं त्यात भरपूर असतात. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही आणि घुटीही नको. झोपवताना बाळाला पाठीवरच झोपवायचं. एवढं नीट समजावलं की आजीच या गोष्टींची राखण करते.

आजी जे आधीपासून करत आली आहे, त्यातलं मोलाचं काय तेही तिला सांगायला हवं. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं. मांडीवरच्या बाळापासून आजीचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. कान तर जन्माआधीपासून काम करतात. नवजात बाळ आईचा आवाज ओळखतं, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं. सहा ते आठ आठवड्यांचं बाळ चेहरा पाहून हसू लागतं, पुढे हुंकार देतं. ‘अगं बाई, हो का?’ म्हणत आजी थांबते आणि बाळाला पुन्हा बोलायची संधी देते. भाषा शिकण्याची सुरुवात याच देवाणघेवाणीत होते.

लांबून भेटायला येणाऱ्या आजी-आजोबांनाही एक गोष्ट सांगायला हवी. आठ-नऊ महिन्यांचं बाळ तुम्हाला पाहून रडलं तर मनाला लावून घेऊ नका. आपलं माणूस आणि परकं माणूस त्याला वेगळं कळू लागलं आहे. लगेच उचलून घेऊ नका. हात धुऊन जवळ बसा, त्याच्या आईशी बोला, बाळ आपणहून येईल. सर्दी-खोकला असेल तर भेट चार दिवस पुढे ढकला.

घरातल्या, गावातल्या बायकांना शिकवून काय साधतं, हे गडचिरोलीने जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यानंतर तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे घरी जाऊन बाळ तपासण्याचं हे काम देशभर आशाताईंकडे आलं. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात.

त्या भेटींत आशाताईंनी आईइतकंच आजीशीही बोलावं. रुग्णालयांनी डिस्चार्जच्या वेळी पंधरा मिनिटं आजीसाठी राखून ठेवावीत, तिचे प्रश्न ऐकावेत आणि उत्तरं कारणासकट द्यावीत. यासाठी ना नवं यंत्र लागतं, ना वेगळा निधी. डॉक्टरांना याचा विसर पडला, तर तरुण आईबाबांनी स्वतः उठून आजीला आत बोलवावं.