बाण वर्ज्य, रायफल मान्य

१/ ‘आदिवासींच्या धनुष्यबाणांनी जंगले ओस पाडली’ असे ठाकूरद्वारच्या चाळीत बसून म्हणणे सोपे आहे. आधी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे मूळ कलम १७ वाचा.

२/ तेव्हा मोठ्या शिकारीचे परवाने मिळत. अट अशी : शिकार रायफलनेच करावी, किंवा खास परवानगी घेऊन बंदुकीने. सातपुड्यातला भिल्ल धनुर्धर हत्यारापाशीच बाद!

३/ बाणाने जनावर तडफडते, हा आक्षेप खरा. पण नेम चुकलेली गोळीही तेच करते. जनावरे वाचतात ती शिकारीच्या संख्येवरील मर्यादेने. मग त्याच मर्यादेत बाणाला जागा का नव्हती? हे संरक्षण नव्हे, पंक्तिप्रपंच होय.

४/ १९९१च्या दुरुस्तीने हे परवानेच संपले. इतिहास लिहिताना तरी रायफलींची शिकार भिल्लांच्या खाती मांडू नका.